उजेडाची वाटणी

“उजेड भरपूर हवा.” घराचं काम घेऊन येणारी माणसं खुर्चीत टेकता टेकताच हे सांगून टाकतात. मग बजेट निघतं, मग मुख्य दरवाजा कुठल्या दिशेला आहे ते. खिडक्या कुठल्या दिशेला आहेत हे मात्र मलाच विचारावं लागतं. त्यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि मोबाइलमधलं होकायंत्र बाहेर येतं. ज्या घरात इतकी वर्षं काढली, तिथे दुपारचं ऊन कुठून येतं हे ज्यांना नेमकं ठाऊक असतं, त्या बहुतेक वेळा मीटिंगला आलेल्याच नसतात. पापड कुठल्या खिडकीत वाळतात, कुठल्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, किती वाजता पडदा ओढला नाही तर टीव्ही दिसेनासा होतो, हे सगळं घरातल्या आजींना पाठ असतं. म्हणून हल्ली मी पहिली भेट त्यांच्या घरीच ठेवते, आणि शक्यतो दुपारी.

पुण्यात लोकांच्या खिडक्या वाढवण्यात, भिंती पाडण्यात आणि ओटे हलवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून झालेलं मत एवढंच की आपल्याकडे उजेड मुबलक आहे, त्याची वाटणी वाईट आहे. घरात वाईट आहे, इमारतीत वाईट आहे, शहरात तर फारच.

मुबलक म्हणजे किती? उजेड मोजायचं एकक लक्स. मोकळ्यावर लख्ख उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. आषाढातल्या ढगाळ दुपारीसुद्धा पाच-दहा हजार लक्स कुठे जात नाहीत. रात्री हॉलमध्ये एक ट्यूब लावून आपण जेवतो, मुलांचा अभ्यास घेतो, भाजी निवडतो, तेव्हा मिळतात शंभर-दोनशे. म्हणजे ढगाळ दिवसातलाही पन्नासावा-शंभरावा हिस्सा आत नीट पोचला तरी घराचं काम भागतं. तरी कुठल्याही सोसायटीत भर दुपारी जिना चढत गेलात तर निम्म्या घरांत दिवे लागलेले दिसतील. खिडकी मोठी असूनही.

खरं तर बरेचदा ती मोठी असल्यामुळेच. डोळा समोरच्या सगळ्यात उजळ गोष्टीशी जुळवून घेतो. खोलीच्या एका टोकाला भिंतभर काच आणि बाकी तीन बाजू बंद असल्या, की डोळा त्या काचेशी जुळतो आणि उरलेली खोली त्याला काळवंडलेली वाटते. मग मागे दिवा लावतात. दिवा लावूनही समोरची काच डोळ्यात खुपतेच, म्हणून पडदा ओढतात. पडदा ओढल्यावर आणखी दोन दिवे. एवढ्या महागाची काच बसवून झाल्यावर हा खेळ रोज दुपारी चालतो. त्याऐवजी दुसऱ्या भिंतीत एक छोटी खिडकी पाडली, अगदी दोन बाय दोनची, तर खोली सुधारते. दोन बाजूंनी आलेला थोडा उजेड एका बाजूने आलेल्या लोंढ्यापेक्षा डोळ्याला जास्त वाटतो. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं, कारण छोट्या खिडकीचा फोटो चांगला येत नाही.

फोटो येतात पिंटरेस्टवरून. पांढरी भिंत, फिकट लाकूड, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेजवळ गुबगुबीत खुर्चीत पाय घेऊन बसलेली बाई. हे घर असतं स्टॉकहोमकडचं. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सात-आठ अंशच वर येतो आणि तीन वाजायच्या सुमारास मावळतो. तिथल्या माणसाने मिळेल तेवढं आकाश घरात ओढून घ्यावं, हे शहाणपणच आहे. पुण्याचं अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ती खुर्ची इथे पश्चिमेच्या काचेपाशी ठेवली तर एप्रिलमध्ये तिच्यावर बसायला मांजरसुद्धा यायचं नाही.

दिशांबद्दल आपल्याकडे बोलणं भरपूर होतं, पण ते सूर्याबद्दल क्वचितच असतं. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून तिकडची खिडकी लोक टाळतात किंवा लहान ठेवतात. मला विचाराल तर आपल्या अक्षांशावर सांभाळायला सगळ्यात सोपी खिडकी दक्षिणेची. डिसेंबरात भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो. चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर तेव्हा निम्मी खिडकी उन्हात असते आणि कोवळं ऊन खोलीत येतं. २१ मार्चच्या सुमारास सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर जातो आणि तोच छज्जा अख्खी खिडकी सावलीत घेतो. कुणी पडदा ओढायला नको, कुणी मोटर लावायला नको. सिमेंटचा दोन फुटांचा तुकडा ऋतू ओळखून वागतो. आणि हल्लीच्या उंच इमारतींतून नेमका हाच तुकडा गायब होतोय, कारण त्याने दर्शनी बाजूची रेघ बिघडते म्हणे.

उत्तरेचा उजेड सावकाश आणि सारखा. अभ्यासाचं टेबल, शिलाई मशीन, चित्रं काढणाऱ्याची जागा तिकडे. पूर्वेबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ती सगळ्यांनाच हवी असते.

पश्चिमेला मात्र छज्जा हात टेकतो. मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता सूर्य साधारण २५ अंशांवर असतो. डोक्यावर कितीही छप्पर काढा, तो खालून येतो. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, एखादं झाड हवं, निदान चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे तरी, तेही काचेच्या बाहेरच्या बाजूला. आत लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात बसलेली असते.

मुंबईत हा प्रश्न आणखी वाकडा आहे. समुद्र पश्चिमेला, वारा तिकडूनच, विकायला लागतो तो देखावाही तिकडेच. आणि भाजणारं ऊन अन् पावसाचा मारा, तोही तिकडचाच. कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी याच पेचाला हात घातला. काम १९७० मध्ये सुरू झालं, १९८३ मध्ये पुरं झालं. २८ मजले आणि घरं फक्त ३२. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीचा उघडा सज्जा कोरून काढलेला, आणि राहत्या खोल्या त्याच्या मागे. जुन्या बंगल्याचा व्हरांडा तेच करायचा. ऊन आणि पाऊस आपल्या अंगावर घ्यायचा आणि आत फक्त उजेड-वारा जाऊ द्यायचा. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आकाशात नेला. रस्त्यावरून बघताना पांढऱ्या भिंतीतले ते रंगीत कोपरे नुसती शोभा वाटतात, पण दुपारी चार वाजता त्यांच्या मागे बसणाऱ्याला त्यांची किंमत कळत असणार.

आणि आपण काय करतो? बाल्कनी आत घेतो. पुण्या-मुंबईत ताबा मिळाल्यावर सत्यनारायणाच्या आधी होणारं हे काम आहे. हॉल चार फुटांनी वाढतो आणि खोलीचा व्हरांडा जातो. जिथे सावली होती तिथे आता सरकती काच, काचेला लागून सोफा, आणि सोफ्याच्या पाठीला चटके. त्या काचेमागे आमच्या नात्यातल्या एक आजी रोज सकाळी ‘ड जीवनसत्त्व घ्यायला’ बसतात. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साधी काचसुद्धा जवळपास सगळे अडवते. काच सरकवून बसा, असं त्यांना कितीदा सांगून झालं. धूळ येते म्हणतात.

उजेड खोलीत किती आत शिरतो याचा एक ढोबळ हिशेब आम्ही धरतो: खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची, तिच्या दुप्पट-अडीचपट. सात फुटांवर लिंटेल असेल तर चौदा ते सतरा फूट. म्हणजे खिडकी रुंद करण्यापेक्षा वर नेण्यात जास्त फायदा. जुन्या चाळींत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये दाराखिडक्यांच्या वर, छताला लागून, झुलत्या काचेचा व्हेंटिलेटर असायचा आणि तो उघडायला दोरी असायची. खालची खिडकी गल्लीतल्या नजरांमुळे बंद ठेवावी लागली तरी वरून उजेड येत राही. आता तेवढ्याच जागेत पीओपीचं फॉल्स सीलिंग येतं, नऊ-साडेनऊ फुटांची खोली साडेआठावर आणतं, आणि वरून न येणाऱ्या उजेडाच्या बदल्यात त्याच्या कडेला दिव्यांची पट्टी लागते. ‘वॉर्म व्हाइट’. फॉल्स सीलिंगवर माझा राग आहे हे मी लपवत नाही. त्यामुळे काही कामं हातची गेलीही आहेत.

उजेड आत घेण्याइतकंच तो मऊ करणंही महत्त्वाचं. गोव्याच्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या बघाव्यात. काच सर्रास मिळू लागण्याआधी तिथे एका चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्याचे चौकोनी तुकडे करून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकवत. बाहेरचं काही दिसत नाही, आतलंही दिसत नाही, पण दुपारचं ऊन त्यातून दुधाळ होऊन खोलीभर सारखं पसरतं. आज हेच करायला आपण काचेवर प्लास्टिकची फिल्म चिकटवतो. दोन उन्हाळ्यांत तिला बुडबुडे धरतात.

आता वाटणीकडे येते. कुठल्याही दोन बीएचके फ्लॅटचा नकाशा समोर घ्या. बाल्कनी कुणाला? हॉलला. मोठी खिडकी कुणाला? मास्टर बेडरूमला. स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी, म्हणजे वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या, केरसुणी आणि सिलिंडर यांच्या गर्दीतून गाळून आलेला उजेड. नाहीतर डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली इमारतीच्या पोटातली उभी पोकळी. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दमट-उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या सहाव्या हिश्शाएवढी खिडकी हवी. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केलेल्या २०१८ सालच्या इको निवास संहितेतही उघडणाऱ्या भागासाठी अशा हवेत १६.६६ टक्के, म्हणजे तोच सहावा हिस्सा आहे. नकाशावर तो बरोबर भरतो. खिडकी आकाशात उघडते की समोरच्या संडासाच्या पाइपांवर, हे त्या अपूर्णांकाला कळत नाही.

त्यात मॉड्युलर किचन आलं. ओट्यावरची कपाटं सलग दिसावीत म्हणून खिडकीचा वरचा भाग झाकतात, म्हणजे ज्या कडेमुळे उजेड आत खोल जायचा तीच बंद. खिडकी पाठीमागे आणि ओटा समोर असेल तर भाजी चिरताना आपलीच सावली सुरीवर. नवऱ्याच्या लॅपटॉपची जागा ठरवताना ‘स्क्रीनवर ग्लेअर नको’ यावर अर्धा तास चर्चा करणाऱ्या घरात हा मुद्दा मी काढला, की पुरुषमंडळी म्हणतात, “तिथे आपण कपाटाखालून एलईडी देऊ ना.” देऊ की. आणि ती पट्टी सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत जळेल, कारण त्या घरातलं एक माणूस तेवढा वेळ तिथेच उभं असतं.

ही वाटणी काही फ्लॅटने आणली नाही. जुन्या वाड्यांच्या उजेडाबद्दल आपण फार गोड बोलतो: चौक, त्यातली तुळस, वरून उतरणारं ऊन. बोलावंच, चौक ही मोठी अक्कल आहे. बाहेरच्या भिंतीला जवळजवळ खिडक्या न ठेवता, चोर आणि ऊन दोघांनाही बाहेर ठेवून, घराच्या पोटात आकाश आणणं सोपं नाही. पण चौकाचा उजेड कुणाकुणाला मिळायचा तेही बघावं. चौकाच्या कडेला ओसरी, तिथे लख्ख. मग सोपा, तिथे बरा. मग माजघर, तिथे अंधुक. त्याच्या मागे स्वयंपाकघर, तिथे धूर. आणि सगळ्यात आत बाळंतिणीची खोली, तिथे दिवसासुद्धा दिवा. घरात ज्याचा मान जितका मोठा तितका तो उजेडाच्या जवळ बसायचा.

माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाहीच. माजघराच्या छतात एक साणं होतं, हातभर रुंदीचं. त्यातून पडलेला कवडसा सकाळी कणगीच्या भिंतीवर असे, मग खाली उतरून जमिनीवरून सरकत दुपारी जात्याकडे जाई. मामी सूप घेऊन त्या कवडशाच्या कडेला बसायची. ज्वारीतले खडे, डाळीतली माती, तिळातला कचरा, सगळं त्या हातभर उजेडात. कवडसा सरकला की मामीही बूड न उचलता सरकायची. बाहेर सोप्यावर आजोबा आणि त्यांचे पाहुणे, तिथे पेपर वाचायला पुरून उरेल एवढा उजेड, आणि निम्मा वेळ त्यांच्यातलं कुणी ना कुणी तिथे डोळ्यांवर उपरणं घेऊन झोपलेलं. पावसाचा थेंब पडला की पोरांना वर पिटाळायचे, साण्यावर फरशी सरकवायला. मग माजघरात काळोख, आणि मामी अंदाजाने चूल पेटवायची.

अंधाराचीही बाजू घ्यायला हवी. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना तेच माजघर सगळ्यांना हवं असे, आजोबांनासुद्धा. जाड भिंती, बंद दारं, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. उन्हाच्या देशात अंधार म्हणजे गारवा, आणि मराठवाड्यात, विदर्भात लोक आजही अकरा वाजता दारं लोटून घर काळं करतात ते उगाच नाही. काचेची घरं काढणाऱ्यांनी नागपुरात एक मे महिना विजेशिवाय काढावा. पण दुपारपुरता घेतलेला अंधार वेगळा आणि वर्षभर वाट्याला आलेला वेगळा. आता आजोळी माळवद जाऊन स्लॅब पडलाय. रस्त्याकडे सरकत्या काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर दिवाण आहे. स्वयंपाकघर मागेच राहिलं. शेजाऱ्याची भिंत लागून असल्यामुळे तिकडे खिडकी नाही, आणि स्लॅबला साणं ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ट्यूब सकाळपासून चालू असते. वीज गेली की दार उघडं ठेवतात.

घरातून बाहेर पडून शहराकडे पाहिलं तर हीच वाटणी मजल्यांच्या आणि गल्ल्यांच्या हिशेबात दिसते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी डॉक्टरांनी बोट दाखवलं ते अंधाऱ्या खोल्यांकडे. उजेड नाही तिथे रोग, असा सरळ हिशेब. माणसं बाहेर काढून छपरावरची कौलं उतरवायचे, आत ऊन पडावं म्हणून. राहण्यास अयोग्य घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवायचे. (पुण्यात पुढच्याच वर्षी घरझडत्यांचं काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको.) प्लेगचं खरं वाहन उंदरांवरची पिसू निघाली. पण त्या धास्तीतून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते दाट वस्तीतून कापून काढले गेले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून, आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या.

या ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिलं होतं. या नियमामागचा आग्रह त्यांचा. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांत रेघ काढा. ती रेघ समोरच्या इमारतीला अडली नाही तर त्या खोलीला आकाश आहे. हा विचित्र आकडा का, तर त्या कोनात उंची अंतराच्या दुप्पट होते. समोरची इमारत चाळीस फूट असेल तर मधे वीस फूट मोकळे हवेत. कुठल्याही गवंड्याला दोरी आणि काठी घेऊन तपासता येईल असा नियम. आणि तो मोजायचा तळमजल्यावरून. वरच्यांना उजेड मिळतोच, तेव्हा सगळ्यात खाली राहणाऱ्याला मिळाला की झालं. हिंदू कॉलनी किंवा पारसी कॉलनीच्या रस्त्यांवर आजही फिरताना तळमजल्याच्या खिडकीतून आत ऊन पडलेलं दिसतं.

आजच्या मुंबईत इमारतीभोवतीची मोकळी जागा नियमापेक्षा कमी पडत असेल तर प्रीमियम भरून ती सूट मिळवता येते. ‘ओपन स्पेस डेफिशियन्सी’ हा त्या फाइलमधला नेहमीचा शब्द. म्हणजे उजेडाला आता दर आहे. तो भरतो बिल्डर, घेते महापालिका, आणि उजेड जातो तिसऱ्याचाच, त्याला पावती मिळत नाही. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये, लल्लूभाई कंपाउंड किंवा नटवर पारेख कंपाउंडमध्ये, दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. खालच्या मजल्यांवर खिडकी उघडली की समोरच्या घराची खिडकी, आणि दोघींच्या मधे वरून पडलेला कचरा. कचऱ्यामुळे खिडकी बंद, म्हणून दिवे आणि पंखे सुरू. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने काही वर्षांपूर्वी तिथे पाहणी केली, तेव्हा कमी उजेड-हवेच्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. साडेत्रेसष्ट अंशांची रेघ तिथे तळमजल्यावरून काढली तर ती पहिल्या-दुसऱ्या मजल्यापाशीच समोरच्या भिंतीत घुसेल.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १८८२च्या ईझमेंट कायद्याचं, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याचं, १५वं कलम सांगतं की एखाद्या इमारतीत वीस वर्षं उजेड आणि हवा विनाअडथळा, शांतपणे येत असेल तर तो हक्क होतो. शेजाऱ्याने भिंत चढवून तो बुजवला तर दाद मागता येते. पुण्याच्या पेठांत भाऊबंदकीतून वाड्याचे तुकडे पडले तेव्हा ‘आमच्या खिडकीचा उजेड’ हा दाव्यातला ठरलेला मुद्दा असायचा. पण इमारतच पाडून नवी बांधली, की हा जुना हक्क नव्या खिडकीला चिकटवणं सोपं राहत नाही. पुनर्विकासाच्या करारावर सही करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या सोसायटीत सध्या तेच चाललंय. तीन मजली, सत्तरच्या दशकातली इमारत, आता पंधरा मजल्यांची होणार. बिल्डरच्या प्रस्तावात कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, दोन वर्षांचं भाडं, शिफ्टिंगचे पैसे, पार्किंग, जिम, सगळ्यांचे रकाने होते. मी सभेत एक ड्रॉइंग मागितलं: २१ डिसेंबरला आजूबाजूच्या इमारतींच्या सावल्या कुठे पडतात ते. सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. बिल्डरच्या आर्किटेक्टने कुरकुर न करता ते पाठवलं, हे सांगायला हवं. त्यात दिसलं की पार्किंगचे मजले खाली असल्यामुळे आम्ही जुने सभासद जरा वर सरकतो आणि बहुतेकांना ऊन मिळतं. फक्त मागच्या विंगमधली खालची काही घरं वर्षभर शेजारच्या नव्या टॉवरच्या सावलीत. ती कुणाला जाणार यावर चिठ्ठ्या टाकायच्या की मजल्याप्रमाणे वाटायची, यावर तावातावाने बोलणं झालं. तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं, खाली राहून राहून आमच्या दोन पिढ्या गेल्या, आता तरी वरचं द्या. वरच्यांचं म्हणणं, आम्ही वरच्या मजल्याचे पैसे तेव्हाच मोजले होते.

मग मी ड्रॉइंगच्या उत्तरेच्या बाजूला बोट ठेवलं. पंधरा मजले म्हणजे ४५ मीटर. डिसेंबरच्या भर दुपारी आमच्या इमारतीची सावली ४० मीटरवर जाते, आणि आमच्या कंपाउंडच्या मागे बैठी घरं आहेत, पत्र्याची, काही कौलारू. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दोघी-तिघी तिथेच राहतात. हिवाळ्यात दुपारी त्यांच्या दारात वाळवण असतं, अंघोळ घातलेली पोरं असतात.

कुणीतरी म्हणालं, “त्यांचंही होईलच की रिडेव्हलपमेंट.” चेअरमननी मान डोलावली आणि स्टॅक पार्किंगचा विषय पुकारला.